जुन्या ओकखाली नवा ओक का टिकत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे: जर्मनीत श्पेसार्ट या डोंगराळ वनप्रदेशाच्या कडेला दोन हेक्टर खासगी जंगल घेतलं आहे. वर दीडशेच्या आसपास वयाचे ओक, त्यांच्या खाली बीच आणि हॉर्नबीम या झाडांची दाटी. ज्या वर्षी ओकला भरपूर बी येतं, त्याच्या पुढच्या मे महिन्यात जमिनीवर ओकची रोपंच रोपं दिसतात आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी शोधूनही सापडत नाहीत. नर्सरीवाल्याचं म्हणणं, इथलं वाण आता दुष्काळाला टिकायचं नाही, दक्षिणेकडची रोपं लावा. ती लावावीत का, किती लावावीत, आणि मुळात वरचे ओक कोणत्या जातीचे हे कसं ओळखायचं?

तुम्ही विचारलंय वाणाबद्दल, पण तुमच्याच वर्णनात वाणाचा दोष कुठे दिसत नाही. बी येतंय, रुजतंय, पहिली दोन वर्षं जगतंय. रोपं मरतात ती त्यानंतर, आणि तीही सरसकट सगळी. हे उजेडाच्या तुटीचं लक्षण आहे, आणि श्पेसार्टसारख्या भागात त्याच्या जोडीला हरणांचं. या दोन्हींचा बंदोबस्त न करता हंगेरीहून रोपं आणा नाहीतर फ्रान्सहून, चौथ्या वर्षी निकाल तोच लागेल. जमीन किती खोल आहे, उतार कुठल्या दिशेला आहे, शेजारच्या जंगलात काय आहे, यावर पुढचा बराच तपशील बदलतो. ते इथून दिसत नाही, म्हणून जिथे फरक पडेल तिथे तसं सांगतो.

आधी रोप मरतं कसं ते बघू. ओकचं बी पडल्यावर झोपून राहत नाही. ऑक्टोबरमध्ये जमिनीवर पडलं की ओलाव्यात लगेच मूळ सोडतं आणि हिवाळ्यात ते मूळ खाली उतरत राहतं. कोंब मात्र वसंतातच वर येतो. बीजदलं कवचातच, मातीत किंवा पाचोळ्यात राहतात आणि सोबत आणलेल्या त्या शिदोरीवर पहिलं वर्ष निघतं. वर वीतभर रोप दिसतं तेव्हा खाली सोटमूळ त्याच्या दुप्पट गेलेलं असतं. म्हणून पहिल्या वर्षी गडद सावलीतलं रोप आणि मोकळ्यावरचं रोप जवळजवळ सारखंच दिसतं आणि मालकाला वाटतं, काम झालं. दुसऱ्या वर्षापासून रोपाला स्वतः कमवून खायचं असतं. मोकळ्या आकाशाच्या दहा टक्क्यांहून कमी उजेड असेल तर ओकचा जमाखर्च जुळत नाही. पंधरा-वीस टक्क्यांवर तो जिवंत राहतो, पण जोमदार वाढीला तिशीच्या पुढे हवा. बीचचं रोप मात्र चार-पाच टक्क्यांतही वर्षानुवर्षं तग धरून वाट बघतं. तुमच्याकडे बीच आणि हॉर्नबीमचा थर आहे, म्हणजे जमिनीवर पोचणारा उजेड बहुधा पाच टक्क्यांच्याही आत असेल. वरून ओकच्या शेंड्यातून कितीही उजेड येवो, तो या दुसऱ्या थरात अडकतो.

सावलीत भुरी आणखी भर घालते. द्राक्षवाल्यांना परिचयाची असते तशीच पांढरी भुकटी पानांवर दिसते, पण ही बुरशी ओकवरची वेगळी आहे. युरोपात ती १९०७च्या सुमाराला अचानक दिसू लागली आणि काही वर्षांत सगळीकडे पसरली. ओक वर्षाला एकदाच फुटत नाही. एप्रिल-मेमधली पहिली पालवी पक्की झाली की जूनच्या अखेरीस दुसरी फूट येते, ताकद असेल तर तिसरीही. जर्मनीत या दुसऱ्या फुटीला योहानिसट्रीब म्हणतात, कारण ती २४ जूनच्या संत योहानच्या दिवसाच्या आसपास येते. भुरीला नेमकी हीच कोवळी पानं लागतात. उन्हातलं रोप भुरी येऊनही निभावून नेतं. सावलीतल्या रोपाची शिल्लकच नसते, त्याला दोन उन्हाळे भुरीने गाठलं की ते गेलं. ही बुरशी आल्यापासून ओकची सावली सोसण्याची क्षमताच घटली, असं काही संशोधकांचं मत आहे. तुमच्यासारख्या जागा पाहिल्या की मला ते पटतं. याशिवाय मोठ्या ओकवरून मे महिन्यात अळ्या खाली गळतात आणि खालची रोपं कुरतडतात, त्यामुळे आईच्या बुंध्याजवळची रोपं आधी जातात.

आता करायचं काय. पूर्ण दोन हेक्टरला हात लावू नका. एक-दोन जागा निवडा, जिथे वरचे ओक मधल्या दर्जाचे आहेत, म्हणजे ते तोडताना जीव हळहळणार नाही, आणि त्यांच्या भोवती चांगल्या खोडाचे बियाणे ओक आहेत. मोकळ्या जागेचा व्यास आजूबाजूच्या झाडांच्या उंचीच्या दीडपट तरी ठेवावा. झाडं २८ मीटर असतील तर साधारण ४२ ते ४५ मीटर, म्हणजे चौदाशे ते सोळाशे चौरस मीटर, चौदा ते सोळा गुंठे म्हणा हवं तर. याहून लहान झरोका केला तर त्यात बीचच जिंकतो. फार मोठा केला तर रानटी रास्पबेरी, गवत आणि वसंतातलं उशिराचं हिमदव यांचा त्रास सुरू होतो. उत्तर उतारावर थोडा मोठा, दक्षिण उतारावर थोडा लहान घ्या.

कामाचा क्रम बियांच्या वर्षावर ठरतो. ओकला भरघोस बी दरवर्षी येत नाही. जागेप्रमाणे तीन ते दहा वर्षांचं अंतर पडू शकतं. म्हणून आधी तोड आणि मग बियांची वाट, हा क्रम उलटा पडतो. तेवढ्यात गवत माजतं. ऑगस्टच्या शेवटी दुर्बिणीने शेंडे बघायचे. बी दिसलं तर सप्टेंबरमध्ये त्या जागेतला हॉर्नबीम-बीचचा खालचा थर काढायचा आणि पाचोळा दाट असेल तिथे पट्ट्यापट्ट्याने माती उघडी करायची. बी ऑक्टोबरमध्ये पडू द्यायचं. त्या हिवाळ्यात किंवा पुढच्या हिवाळ्यात वरच्या ओकपैकी तिसरा हिस्सा, रोपं गुडघ्याएवढी झाली की दोन-तीन वर्षांनी पुढचा हिस्सा, आणि आठ-दहा वर्षांत जागा पूर्ण मोकळी. फ्रान्समध्ये त्रोंसेसारख्या सरकारी ओकवनांत हीच टप्प्याटप्प्याची तोड पिढ्यानपिढ्या चालत आली आहे आणि तिथे एकेक पीक १८० वर्षांहून जुनं होऊन निघतं.

झरोक्याच्या बाहेर मात्र हॉर्नबीमचा थर तसाच ठेवा. इथे हौशी मालक हमखास चुकतात: "ओकला उजेड हवा" हे ऐकून सगळीकडचा खालचा थर साफ करतात. मग जुन्या ओकच्या खोडावर अचानक ऊन पडतं, सालीखालचे सुप्त डोळे जागे होतात आणि खोडभर फुटवे येतात. प्रत्येक फुटव्याची लाकडात गाठ होते. व्हिनियरला, म्हणजे फर्निचरवर चिकटवायच्या पातळ लाकडी पापुद्र्याला, जाऊ शकणारं खोड त्यामुळे साध्या दर्जावर येतं. हॉर्नबीमचं काम ते खोड सावलीत ठेवण्याचंच आहे.

आणखी एक पथ्य. लागोपाठ दोन उन्हाळे कोरडे गेले असतील तर मोठी तोड एक-दोन वर्षं पुढे ढकला. याचं कारण ओकच्या लाकडात आहे. ताज्या कापलेल्या ओंडक्यावर भिंग धरलंत तर प्रत्येक वार्षिक वलयाच्या सुरुवातीला नुसत्या डोळ्यांनाही दिसतील अशा मोठ्या छिद्रांची एक रांग असते आणि त्यानंतर घट्ट, गडद लाकूड. ती मोठी छिद्रं म्हणजे वसंतातल्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या. पानं उलगडण्याआधी, आदल्या वर्षीच्या साठ्यावर झाड त्या बांधतं. गेल्या वर्षीच्या बऱ्याचशा नळ्या हिवाळ्यात निकामी झालेल्या असतात, त्यामुळे यंदाचं पाणी मुख्यतः यंदाच्या रांगेतून चढतं. म्हणून दुष्काळाचा फटका त्या वर्षी पूर्ण दिसत नाही. साठा कमी, पुढच्या वसंतात नळ्या अरुंद, शेंडा विरळ, असा तो पुढे सरकतो. मध्य युरोपात २०१८ ते २०२० या वर्षांनंतर हेच झालं. अशा थकलेल्या झाडाभोवती एकदम मोकळीक केली तर खोडाची साल तापते आणि दोन ठिपक्यांचा हिरवट भुंगेरा, म्हणजे आग्रिलस बिगुट्टाटस, तिथे अंडी घालतो. त्याच्या अळ्या सालीखाली नागमोडी बोगदे काढतात आणि झाडाचा रसप्रवाह तोडतात. सालीवर इंग्रजी डी अक्षराच्या आकाराची तीन-चार मिलिमीटरची भोकं दिसली तर भुंगेरा बाहेर पडून गेला असं समजा.

उजेडानंतर हरणं. रो हरणाला, म्हणजे तिथल्या लहान चणीच्या हरणाला, ओकचा शेंडा बीचपेक्षा फार आवडतो. खुडलेला ओक मरत नाही, बाजूच्या डोळ्यांतून पुन्हा फुटतो, पण दरवर्षी खुडला की तो फूटभर उंचीचं झुडूप होऊन बसतो आणि शेजारचा बीच त्याच्या डोक्यावरून निघून जातो. हरणांचा वाटा किती हे अंदाजाने ठरवू नका. साध्या जाळीचा ५ बाय ५ मीटरचा एक चौक आताच घाला, शेजारी तेवढीच जागा चार खुंट्या ठोकून उघडी ठेवा. दोन-तीन वर्षांत उत्तर समोर दिसेल. आत आणि बाहेर सारखंच मरत असेल तर उजेडाची अडचण. आत वाढतंय आणि बाहेर खुडलं जातंय तर हरणांची. झरोक्याला पक्कं कुंपण घालायचं झालं तर रो हरणासाठी दीड-पावणेदोन मीटर उंची चालते, लाल हरीण येत असेल तर दोन मीटर. रानडुक्कर खालून जाळी उचलतं, म्हणून तळाची तार जमिनीला खुंट्यांनी घट्ट बसवायची. प्रत्येक वादळानंतर फेरी मारायची, कारण फांदी पडून जाळी वाकली आणि एक हरीण आत अडकलं तर कुंपण नसण्यापेक्षा जास्त नुकसान होतं. शिकारीचा हक्क तुमच्या हातात नसणार. ७५ हेक्टरच्या खालच्या मालकांची जमीन सहसा गावाच्या सामाईक शिकारक्षेत्रात येते. त्या क्षेत्रातल्या जमीनमालकांच्या मंडळाच्या सभेला जा आणि हा तुमचा चौक सगळ्यांना दाखवा. तक्रारीपेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

आता जात. तुमच्याकडे दोनच शक्यता धरा. श्टीलआइशे म्हणजे लांब दांड्यावर बी धरणारा ओक: पानाचा देठ अगदी आखूड, पानाच्या बुडाशी दोन बाजूंना कानाच्या पाळीसारखे वळलेले कोपरे, बी मात्र चार-पाच सेंटिमीटरच्या दांडीवर. ट्राउबनआइशेचं उलटं: पानाला सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरचा स्पष्ट देठ, बूड पाचरीसारखं निमुळतं, आणि बी फांदीला चिकटून झुबक्यात. याला खात्रीची जोड हवी असेल तर दहापटीचं भिंग घ्या आणि पानाच्या मागच्या बाजूला शिरांच्या कडेने बघा. ट्राउबनआइशेवर बारीक चांदण्यांच्या आकाराची लव असते, श्टीलआइशेची पाठ जवळपास गुळगुळीत असते. पानं शेंड्याच्या उन्हातली घ्यायची. रोपांची, सावलीतली किंवा जूनच्या फुटीची पानं फसवतात. वादळानंतर पडलेल्या फांद्या यासाठी उत्तम. श्पेसार्टच्या उतारावर, वालुकाश्माच्या आम्ल मातीत ट्राउबनआइशेची शक्यता जास्त. ओढ्याकाठी, चिकणमातीत, पाणी साचतं तिथे श्टीलआइशे. कोरडेपणा ट्राउबनआइशे अधिक सोसतो, पूर श्टीलआइशे.

काही झाडं दोन्हींच्या मधली निघतील आणि तुम्ही गोंधळाल. त्यात तुमची चूक नाही. दोन्ही जातींना १२ गुणसूत्रजोड्या आहेत आणि त्यांचा आपसांत संकर होतो. श्टीलआइशेच्या मादीफुलावर ट्राउबनआइशेचे परागकण जितक्या सहज लागतात तितके उलट लागत नाहीत. याचा पुरावा हरितलवकाच्या डीएनएत मिळतो. ओकमध्ये तो फक्त आईकडून, म्हणजे बियांतूनच पुढे जातो, परागातून नाही. २००२ साली युरोपभरच्या अडीच हजारांहून जास्त ओकवनांची अशी तपासणी प्रसिद्ध झाली. हिमयुगात ओक इबेरिया, इटली आणि बाल्कन इथे तगून राहिले आणि बर्फ हटल्यावर तिथून उत्तरेला सरकले, हे त्यातून दिसलं. गमतीचा भाग असा की एकाच जंगलातल्या दोन्ही जातींत सहसा एकच हरितलवक प्रकार आढळतो. श्टीलआइशे बियांनी आधी पोचला, मग ट्राउबनआइशेचे पराग वाऱ्यावर आले आणि पिढ्यानपिढ्यांच्या संकरातून ट्राउबनआइशे तिथे पुन्हा "तयार" झाला, असा त्याचा अर्थ लावतात. बी वाहून नेण्याचं काम मुख्यतः "जे" नावाच्या, कावळ्याच्या कुळातल्या पक्ष्याने केलं. तो गळ्याच्या पिशवीत काही बिया भरून किलोमीटर-किलोमीटर दूर नेतो, एकेक करून मातीत पुरतो आणि सगळ्या परत काढत नाही.

आता तुमच्या नर्सरीवाल्याच्या मुद्द्याकडे येऊ. ओकमध्ये जनुकीय वैविध्य प्रचंड आहे, पण त्यातलं बहुतांश एकाच वनातल्या झाडाझाडांत असतं; एका वनात आणि दुसऱ्यात सर्वसाधारण फरक काही टक्क्यांचाच निघतो. पराग लांबून येतो: फ्रान्समधल्या पेतित शार्नी या वनाच्या तपासणीत निम्म्याहून जास्त बियांचा बाप त्या पाहणीच्या तुकड्याबाहेरचा निघाला. "दुष्काळाचं जनुक" असं एक काही नसतं. मुळांची खोली, पानं फुटण्याची तारीख, नळ्यांची रुंदी, रोगाशी झगडण्याची ताकद, या सगळ्यांत पुष्कळ जनुकांचा थोडा थोडा वाटा असतो. बदल एकाच झाडाच्या आयुष्यातही फारसा होत नाही. लोझान विद्यापीठाच्या आवारातल्या २३४ वर्षांच्या ओकच्या खालच्या आणि वरच्या फांदीतला डीएनए ताडून पाहिला तेव्हा उत्परिवर्तनं अगदी मोजकी सापडली. निवड होते ती रोपांमध्ये. चांगल्या नैसर्गिक उगवणीत हेक्टरी लाखभर रोपं असतात आणि त्यातली शंभरेक शेवटी मोठी होतात; ही चाळणी तुमच्या जमिनीत, तुमच्या हवेत लागते. लावलेल्या काही शे रोपांत तेवढी निवडीची जागाच राहत नाही.

दक्षिणेच्या वाणाचा तोटाही लक्षात घ्या. विशेषतः ट्राउबनआइशेत दक्षिणेकडच्या झाडांचे डोळे लवकर फुटतात आणि श्पेसार्टमध्ये मेच्या मध्यापर्यंत हिमदव पडू शकतं. याला एक चांगला अपवाद म्हणजे स्लाव्होनियाचा श्टीलआइशे, पूर्व क्रोएशियातल्या स्पाच्वा खोऱ्यातला. तो दोन-तीन आठवडे उशिरा फुटतो, त्यामुळे हिमदवातून वाचतो, पहिल्या अळ्यांच्या तडाख्यातून सुटतो, आणि खोडही सरळ असतं. पश्चिम जर्मनीच्या म्युन्स्टरलँडमध्ये तो एकोणिसाव्या शतकापासून लावलेला आहे. पण तो खोऱ्यातला, ओल्या भारी जमिनीचा ओक आहे. तुमच्या कोरड्या वालुकाश्माच्या उतारावर त्याला नेण्यात अर्थ नाही.

म्हणून माझा सल्ला: पाया स्वतःच्या बियांचा ठेवा आणि जिथे बी पोचत नाही तिथेच लागवड करा. लावायचं झालं तर पूर्ण जागा भरू नका. एकेक मीटरवर २१ ओकचा एक गट, गटाभोवती हॉर्नबीम किंवा लिंडनची कड, आणि गटागटांत ११-१२ मीटर अंतर. हेक्टरी सुमारे ८० गट, म्हणजे तुमच्या सोळाशे चौरस मीटरच्या झरोक्यात १३ गट, पावणेतीनशे ओक. पूर्ण लागवडीला याच जागेत हजारेक लागले असते. प्रत्येक गटातून शेवटी एक चांगलं झाड हवं, बाकीची रोपं त्याला सरळ ठेवायला असतात. गट याहून दाट, वीतभर अंतरावर करू नका. अशा घरट्यांत रोपं एकमेकांना वाकवतात. रोपांच्या डिलिव्हरीच्या कागदावर क्रमांक तपासा: ८१७ म्हणजे श्टीलआइशे, ८१८ म्हणजे ट्राउबनआइशे, पुढचे दोन आकडे उगमक्षेत्राचे. मुळं वाऱ्यावर काही मिनिटांतही सुकतात, तेव्हा पिशवीतून एकेकच बाहेर काढा, आणि सोटमूळ खड्ड्यात वळून बसणार असेल तर खड्डा खोल करा.

स्वतःचं बी गोळा करणार असाल तर किमान २०-३० झाडांखालून घ्या, एकमेकांपासून लांबच्या. एकाच देखण्या ओकखालून पोतं भरलं तर सगळी भावंडं होतात. सप्टेंबरमध्ये आधी पडणारं बी बहुतेक सोंडकिड्याने पोखरलेलं असतं, ते सोडा. ऑक्टोबरचं बी रात्रभर पाण्यात ठेवा आणि सकाळी तरंगणारं टाका. लगेच तरंगलं म्हणून टाकू नका, जरा सुकलेलं चांगलं बीही सुरुवातीला तरंगतं. बी चाळीस टक्के ओलाव्याच्या खाली गेलं की मरायला लागतं, म्हणून ते उन्हात वाळवण्याचा मोह टाळा. लगेच ५ सेंटिमीटर खोल पेरा, नाहीतर दमट वाळूत, हवा खेळती ठेवून, शून्य ते तीन अंशांवर वसंतापर्यंत. मूळ फुटलेलं आणि टोक मोडलेलं बी फेकू नका, ते फक्त जास्त मुळं काढतं.

शेजारी पाइनचं जंगल असेल तर तिथे वेगळा सोपा मार्ग आहे. पाइनखाली उजेड पुष्कळ असतो. खांबावर उथळ लाकडी पेटी लावून सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बी भरून ठेवलं की "जे" पक्षी पेरणी स्वतः करतात. मात्र ज्या वर्षी जंगलातच भरपूर बी आहे, त्या वर्षी पेटीकडे कोणी फिरकत नाही, तेव्हा हा खटाटोप कमी बियांच्या वर्षीच करा.

यंदा ऑगस्टच्या अखेरीस शेंडे बघा. बी नसेल तर झाडं तशीच ठेवा, चाचणीचा चौक आत्ताच उभा करा आणि वनखात्याच्या स्थानिक फॉर्स्टरला बोलवून तोडीचे नियम विचारून घ्या, ते राज्यागणिक बदलतात. बी दिसलं तर सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या आत खालचा थर काढायला माणसं लागतील. त्या वर्षी सगळ्यांनाच लागतात, म्हणून जुलैतच सांगून ठेवा.